पडक्या वाड्याला मालक फार

"यात काहीच दिसंना की," तो म्हणाला आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

दिवसभरातला माझा सगळ्यात भारी फोटो होता तो. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी जे भोक ठेवलेलं असतं, सवणं, त्यातून भर दुपारी उन्हाचा एक सरळ पट्टा माजघरात उतरतो, आणि त्या पट्ट्यात पारव्यांनी उडवलेली धूळ तरंगत राहते. ते जुळून यायला मी पाऊण तास त्या शेणामुताच्या वासात उभा होतो, डोक्यावर वटवाघळं, पायाखाली काय आहे ते बघायची हिंमत नाही. उन्हाचा पट्टा उठून दिसावा म्हणून एक्स्पोजर मुद्दाम खाली ओढलेलं, म्हणजे उजेड सोडून बाकी सगळं काळंभोर. मित्रांनी मागून बघून "जबरी" वगैरे म्हणून झालं होतं. आणि हा गृहस्थ, पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, बोटात मोटरसायकलची किल्ली फिरवत, स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो यात काहीच दिसंना. मग माझा दंड धरून मला भिंतीपाशी घेऊन गेला आणि मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीतली भोकं दाखवायला लागला. "ही बघा, इथं तुळई होती. ही एक, ही एक, त्या कोपऱ्यात आणखी दोन. समद्या रातीतनं नेल्या टेम्पो लावून. ही भोकं काढा. आन फोटोवर तारीख आली पाहिजे, येती का तुमच्यात?" नेणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ. तालुक्याच्या कोर्टात दावा चालू. मी जे जे मुद्दाम अंधारात घालवलं होतं, नेमकं तेवढंच त्याला फोटोत पाहिजे होतं.

तेव्हा हसलो आम्ही, गाडीत बसल्यावर. पण ते डोक्यातून जाईना.

आमचं हे भटकणं सुरू होऊन बरीच वर्षं झाली. चारजण आहोत, एक आर्किटेक्ट, एक बँकेत, एक मैत्रीण शाळेत चित्रकला शिकवते, आणि मी. पुण्यातून पहाटे निघायचं, सोलापूर रोडला लागायचं, भिगवणच्या आसपास चहा, उजेडायला लागलं की उजनीचं पाणी दिसतं. उन्हाळा असेल आणि धरण तळाला गेलं असेल तर पळसदेवचं पाण्यातलं देऊळ बाहेर आलेलं असतं आणि तिथे होडीवाल्यांची चांदी असते. 1980 साली धरण झालं तेव्हा त्या पट्ट्यातली गावं पाण्यात गेली, ते देऊळ तेवढं पाणी उतरलं की दर्शन देतं. सुरुवातीला आम्हीही तिथे गेलो, फोटो काढले, सगळ्यांचे एकसारखे आले. मग पुढे जायला लागलो, बार्शी, परांडा, तुळजापूर, उमरगा, औसा, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं. किल्ले आम्ही शक्यतो टाळतो कारण किल्ल्याला बोर्ड असतो, पार्किंग असतं आणि कुणीतरी प्री-वेडिंग करत असतं. आम्हाला हवे असतात वाडे. पाटलाचे, देशमुखांचे, कुलकर्ण्यांचे, एखाद्या सावकाराचे, ज्यांची कुठल्याच पुस्तकात नोंद नाही आणि जे पुढच्या पावसाळ्यात असतील की नाही सांगता येत नाही असे.

तिकडचा वाडा आणि आपण मेणवलीला जाऊन बघतो तो वाडा यात फरक आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आपण सिनेमात बघून बघून पाठ केलेला असतो. मराठवाड्यातल्या वाड्याला उतरतं कौलारू छप्पर नाही, वर सपाट माळवद. मोठ्या दरवाज्यातून आत आलं की ढाळज, दोन्ही बाजूला उंच ओटे, पुरुषमाणसांची बैठक तिथेच. मग चौक, चौकात आड किंवा तुळस, भोवती सोपे, मागे माजघर, त्याच्याही मागे अंधारी खोली आणि भिंतीत बांधलेलं बळद, धान्याचं. बाहेरून घडीव काळा दगड एवढा रेखीव की सांध्यात नख जाणार नाही. खांबाच्या डोक्यावर लाकडात कोरलेली केळफुलं, पोपट. आणि त्याच खांबाला कुणीतरी मारलेला मीटरचा लोखंडी डबा, त्यावर 'वीजचोरी हा गुन्हा आहे'. या डब्यासकट फोटो काढायचा की डबा टाळून, यावर आमच्यात अजूनही भांडणं होतात. मैत्रीण म्हणते डबा पाहिजेच. बँकवाला त्याच्या फोटोतून डबा, डिश अँटेना, निळं प्लास्टिकचं पिंप, सिंटेक्सची टाकी, सगळं नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकतो आणि त्यालाच लाईक जास्त येतात. मी मध्येच कुठेतरी. पुसत नाही, पण असा कोन शोधतो की डबा येणारच नाही. विचार केला तर ते पुसण्यापेक्षा फार वेगळं नाही.

वाड्यात शिरताना पहिला घोटाळा ट्रायपॉडचा होतो. शहरात ट्रायपॉड म्हणजे फोटोवाले, गावात ट्रायपॉड म्हणजे मोजणी. तीन पायांवर काहीतरी उभं करून एक माणूस एक डोळा मिटून वाड्याकडे बघतोय, दुसरा वहीत लिहितोय (आर्किटेक्टला प्लॅन काढायची खोड आहे), टेप धरलेली आहे, एवढं दिसलं की दहा मिनिटांत गल्ली भरते. "कुनी अर्ज दिलता मोजणीचा?" हा पहिला प्रश्न. आम्ही कितीही सांगितलं की फोटो काढायलाव, छंद आहे, तरी माणसं आत जाऊन पिशवी घेऊन येतात. पिशवीत ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, कुणाचं तरी मृत्युपत्र, मोडीतला एखादा पिवळा कागद जो घरात कुणालाच वाचता येत नाही पण ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. मोजणी नाही म्हटलं तर दुसरा संशय गुप्तधनाचा. यात त्यांची चूक नाही, कारण गढ्यांमध्ये आणि वाड्यांच्या देवघरात खणून ठेवलेले ताजे खड्डे आम्हीही बघितलेत, लिंबू-हळदीकुंकवासकट. एका ठिकाणी तर एक म्हातारे आजोबा बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मशीन कुठंय तुमची?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

आता गंमत ही, की इतकी वर्षं आम्ही आपसात बोलताना त्यांना 'बेवारस वाडे' म्हणायचो. ग्रुपचं नावही त्यावरूनच काहीतरी होतं. आणि खरं बघायला गेलं तर बेवारस असा एकही वाडा आम्हाला भेटलेला नाही. वारस नाही म्हणून पडलेलं घर मी अजून बघायचोय. पडतात ती वारस जास्त झालेली घरं. पणजोबाच्या नावावरचा वाडा, त्याला चार मुलगे, त्यांना प्रत्येकी तीन-चार, मुलींची नावं कधी लावली कधी नाही लावली, एक शाखा सोलापूरला, एक लातूरला, एक पुण्यात, कुणी हैदराबादला, एखादी नात टोरांटोला. दुरुस्तीला सगळ्यांची संमती पाहिजे, विकायला सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, आणि पडायला कुणाचीच सही लागत नाही. जो गावात राहिलाय त्याने स्वतःच्या पैशाने माळवद नीट केलं तर बाकीचे म्हणणार हा वहिवाट दाखवायला लागला. म्हणून तोही करत नाही. मागच्या परसात पत्र्याच्या दोन खोल्या टाकून राहतो आणि पुढचा वाडा बघत बसतो.

माळवद बिचारं वाट बघत नाही. आर्किटेक्ट हे फार चांगलं सांगतो, म्हणजे एरवी तो कंटाळवाणा आहे पण पडक्या घरात शिरला की त्याला कंठ फुटतो. खांबावर तुळया, तुळयांवर सर, त्यावर बारीक फळ्या-काटक्यांचं किलच, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. ही पांढरी पाणी धरते पण खाली सोडत नाही, फक्त दरवर्षी रोहिणीच्या आधी तिची डागडुजी करावी लागते, नवीन माती टाकून तुडवून, पन्हाळी मोकळ्या करून. एक वर्ष चुकलं की कुठेतरी गवत उगवतं, गवताच्या मुळाने भेग, भेगेतून पाणी. पाणी नेमकं जातं ते तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे, कारण तिथे वारा लागत नाही, वाळायला जागाच नाही. टोक कुजतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, कोरीवकाम तसंच, आणि एके दिवशी भिंतीतून निसटते. मग वरची सगळी माती खाली. एकदा वरून उघडं पडलं की भिंतींचं काही खरं नाही, कारण तो रेखीव दगड दोन्ही बाजूंनी फक्त कातडीसारखा असतो, मधल्या पोटात नुसती माती आणि कपच्या. पाऊस त्या पोटात शिरतो, फुगवतो, दगड बाहेर ढकलतो.

हे ऐकताना मला प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी आठवत असतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री विसर्जन झालेलं, गावोगाव माणसं दमून भागून उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप. आम्ही तेव्हा सोलापुरात होतो, मी लहान, मला फक्त भांड्यांच्या फळीचा आवाज आणि वडिलांनी बखोटीला धरून जिन्यावरून ओढत नेलेलं आठवतं. पण आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या अलीकडे, आणि तिथे आमचंही माळवदाचंच घर. आमच्या गावात माणूस गेलं नाही. खाली किल्लारी, सास्तूर भागात काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. आर्किटेक्ट ज्याला मधली माती म्हणतो, आणि वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात प्रेमाने टाकत टाकत दीड-दोन फूट झालेली माळवदाची जी पांढरी, त्याच दोन गोष्टींनी झोपेत माणसं गाडली. दोन्ही बाजूच्या दगडांना जोडणारा आरपार दगड भिंतीत नव्हता, म्हणून भिंती उकलल्या. काही घरांत तर भिंती पडल्या आणि लाकडी खांब तसेच उभे राहिले.

त्यानंतर आमच्या घराला एक बारीकशी चीर गेली होती, ढाळजेच्या कमानीला, बोट जाईल एवढी सुद्धा नाही. पण आजी त्या घरात परत झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड मारलं, चुलत काकांनी बाजूला दुसरं, आणि दिवसा स्वयंपाक आत, रात्री झोप बाहेर, असं किती वर्षं चाललं ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. शेडमध्ये उन्हाळ्यात भाजून निघायचो आम्ही सुट्टीला गेल्यावर. माळवदाचं घर आत इतकं गार की दुपारी चादर लागायची, आणि ते मोकळं पडलेलं, आणि आम्ही सगळे पत्र्याखाली घामाघूम. मी आजीला म्हणायचो आत झोपू या ना. ती म्हणायची, "दिवसा ठीक आहे." तिकडे बावन्न गावं नवीन जागी उठून गेली, सरळ रस्ते, लांब लांब घरं, जुन्या गावठाणात दगडांचे ढीग आणि बाभळी. आमच्यासारख्या शेकडो गावांचं पुनर्वसन झालं नाही, कारण तिथे काही पडलंच नव्हतं. तिथे माणसं आपोआप घरातून अंगणात आली आणि अंगणातून सोलापूरला. जहागिऱ्या 1949 लाच गेल्या होत्या, नंतर कूळकायदा, सीलिंग, बहात्तरचा दुष्काळ, वाडे रिकामे व्हायला कारणं भरपूर होती, पण सामान्य घरातलं माळवदावरचं मन उडालं ते त्या पहाटे. हे मी कुठल्या अभ्यासावरून सांगत नाहीये, आमच्या गल्लीवरून सांगतोय.

म्हणून मी जेव्हा सवण्यातल्या उजेडाचा फोटो टाकतो आणि खाली कुणीतरी लिहितं 'किती शांत, किती सुंदर, आपले पूर्वज किती हुशार होते', तेव्हा मला काय वाटतं हे मलाच नीट कळत नाही. हुशार होतेच. उन्हाळ्यात त्या घरात एसी लागत नाही हे खरंच आहे. पण आईला एकदा मी लॅपटॉपवर असे फोटो दाखवत होतो, ती भाजी निवडत होती, तिने दोन-तीन फोटो बघितले आणि म्हणाली, "वरची माती किती झालीय बघ, कुणी उतरवत का नाही." बास. उजेड वगैरे काही नाही. तिची नजर थेट छताच्या जाडीवर. त्या दावेवाल्या माणसाची भिंतीतल्या भोकांवर. आणि माझी उन्हाच्या पट्ट्यावर, कारण मला तिथे झोपायचं नाहीये आणि कोर्टातही जायचं नाहीये.

कोकणातली बंद घरं मला म्हणूनच वेगळी वाटतात. एक वर्ष आम्ही मुद्दाम तिकडे गेलो, संगमेश्वर-राजापूरकडे. तिथलं घर बंद असतं, सोडलेलं नसतं. कुलूप असतं, किल्ली शेजारी असते, गणपतीला मुंबईहून माणसं येतात, आठवडाभर ट्यूबलाईट लागते, खिडक्या पुसल्या जातात, परत कुलूप. बाहेरून फोटो काढला की उदास बिदास दिसतं, पण शेजारीण येऊन सांगते, "चाकरमानी येतत ना गणपतीक, मगे बघा." आमच्याकडे वर्षातून एकदा का होईना त्या घराला उघडायला लावेल असं काही नाही. यात्रेला येतात ते देवळात येतात, पाहुण्याकडे जेवतात, संध्याकाळी परत.

आणि लाकूड. लाकडाबद्दल बोललंच पाहिजे कारण सगळी मारामारी तिथेच आहे. जुनं सागवान, शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं, आता तसं मिळत नाही. वाड्याच्या जागेला गावात किंमत नाही, दगड वाहून न्यायला परवडत नाही, मातीला तर कोण विचारतो, पण एक नक्षीचा दरवाजा, चौकट, खांबाची जोडी उचलली की रोख पैसे. गावोगाव फिरणारे लोक असतात, ते येतात, ढाळजेत चहा घेतात, एकाच वारसाला गाठतात. पुढे ते लाकूड मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातं, नाहीतर पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत, फार्महाऊसवर. एका कॅफेत आम्ही बसलो होतो आणि मैत्रीण एकदम गप्प झाली. टेबल म्हणजे आडवा टाकलेला दरवाजा, वर काच. काचेखाली अडसराची खाच, कडी, आणि एका फळीवर खडूने की कशाने पुसट ओढलेल्या उभ्या रेघा, पाच पाचच्या गठ्ठ्यात, कुणीतरी कसलातरी हिशोब ठेवलेला, पोती असतील, घागरी असतील. तिने त्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो तिच्या सगळ्या वाड्यांच्या फोटोंपेक्षा चांगला आहे असं माझं मत आहे, तिचं नाही.

बँकवाल्याने तर एकदा खरंच दरवाजा विकत घ्यायचा घाट घातला. म्हणाला, नाहीतरी पुढच्या वर्षी पडणार, सडण्यापेक्षा माझ्या हॉलमध्ये राहील. यावर आमचं गाडीत नळदुर्गपासून टेंभुर्णीपर्यंत भांडण. मैत्रीण म्हणे तू चुलतभावाचा टेम्पो झालास. तो म्हणे फोटो काढून नेणं आणि दरवाजा काढून नेणं यात एवढा काय फरक आहे, तुम्हीही तिथून काहीतरी नेताच की, वर नाव स्वतःचं टाकता. मला त्याचं पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. शेवटी ज्याच्याशी बोलणी चालली होती त्याच्या भावाने फोनवर अशी काही शिवी घातली की विषय तिथेच संपला. आता तो दरवाजा जागेवर आहे की गेला, माहीत नाही.

परत त्या भोकांकडे येतो. त्या दिवशी तो माणूस हटून बसला म्हणून आम्ही काढले फोटो, त्याला पाहिजे तसे. समोरून, सरळ, कॅमेरा भिंतीला काटकोनात, उजेड सगळीकडे सारखा, सावली नको. चारही कोपरे आले पाहिजेत. बाजूला मोजपट्टी उभी. मधेच ऊन ढगाआड गेलं, एरवी मी वैतागलो असतो, पण या कामाला ते उलट बरं पडलं. मैत्रीण म्हणाली हे तर बेखर झालं. जर्मनीतलं एक जोडपं होतं, बेर्न्ड आणि हिला बेखर, त्यांनी 1959 पासून आयुष्यभर पाण्याच्या टाक्या, कोळशाच्या खाणींवरचे मनोरे, भट्ट्या, लाकडी चौकटीची घरं, असं सगळं जे जाणार होतं त्याचे असे सरळ समोरून, करड्या आभाळाखाली, एकही माणूस न घेता फोटो काढले. जगभरच्या म्युझियममध्ये लावलेत ते. आमचे गृहस्थ म्हणाले, "हां, आता कसं समदं दिसायलंय." त्याला बेखर माहीत असायचं काही कारण नाही, पण दोघांची मागणी एकच निघाली.

मी ते फोटो तारखेसकट व्हॉट्सॅपवर पाठवले. पंधरा दिवसांनी एका वेगळ्या नंबरवरून मेसेज. टेम्पोवाला चुलतभाऊ. अतिशय अदबीने, "सर, आपण आमच्या वाड्याचे फोटो घेतल्याचे समजले. मलाही पाठवावे. मागच्या सोप्याचे असतील तर विशेष उपकार होतील, तिथल्या फरश्या कोणी नेल्या ते दिसेल." मागच्या सोप्याचे होते की नाही बघायला मी फोल्डर उघडलं. होते. फरश्या नव्हत्या त्यात, नुसता मुरूम, कडेला उचकटल्याच्या ताज्या खुणा, आणि मी त्या खुणांवर पडलेली पिंपळाच्या रोपट्याची सावली काढली होती. दोघांनाही पाठवले. आर्किटेक्ट म्हणाला पाठवायला नको होतेस, पडू नये आपण त्यात. पण वाडा दोघांचा आणि फोटोही त्याच वाड्याचे, एकाला दिले तर दुसऱ्याला का नाही. त्या दोघांनाही आपला वाडा आतून असा एकत्र कधी बघायला मिळाला नसावा असं मला वाटतं, कारण एक पुढच्या दाराने जातो आणि एक मागच्या, मध्ये कुडाची भिंत घातलेली आहे.

2020 पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी चालू झाली, स्वामित्व योजना. पुण्याजवळ याचा पहिला प्रयोग पुरंदरच्या सोनोरीत झाला होता, पानशांची गढी आहे तेच सोनोरी. ड्रोन यायच्या आधी गावात प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारतात, वरून दिसाव्यात म्हणून. एका गावात आम्ही नेमके रेघा मारल्यावर आणि ड्रोन यायच्या आधी पोचलो. पडका वाडा, आत छातीइतकी सीताफळाची झाडी, आणि त्या झाडीतून, ढिगाऱ्यावरून, आडाच्या कठड्यावरून कुणीतरी चुन्याची रेघ सरळ ओढत नेलेली. भिंत जिथे उरलीच नव्हती तिथेही रेघ होती. बँकवाल्याने त्याचा अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन वर पाठवला आणि वरून ते जे काय दिसलं! एका वाड्याचे पाच तुकडे, एक तर इतका अरुंद की त्यात खाटसुद्धा आडवी बसणार नाही. खाली माणसं वर बघून हातवारे करत होती, त्यांना वाटलं सरकारी ड्रोन आला, एकजण रेघेवर जाऊन उभा राहिला.

आमच्या घराचं माळवद काकांनी मागेच उतरवलं. माती चार ट्रॉल्या निघाली म्हणे, ती शेतात टाकली. वर आता पत्रे आहेत, पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही. ढाळज आहे, कमान आहे, चीर आहे तेवढीच आहे. त्या घराचा मी कधी एकही नीट फोटो काढलेला नाही, ट्रायपॉड लावून वगैरे, का ते विचारू नका, तिथे गेलो की चहा होतो, जेवण होतं, काकू डबा बांधून देते आणि निघायची वेळ होते. गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. त्याला समोरची बाजू पाडून आरसीसीच्या तीन खोल्या काढायच्यात, मुलीचं लग्न आहे, पाहुणे येणार, आणि त्यासाठी आम्हा बाहेरच्या सगळ्यांचं हक्कसोडपत्र पाहिजे. आत्यांच्या सह्या झाल्यात. टोरांटोचं कुणी आमच्यात नाही, सगळ्यात लांबचा मीच.

मी म्हटलं ढाळज पण पाडणार का. तो म्हणाला, "दादा, ढाळजंत कोण बसतंय आता. तुला पाहिजे असलं तर दार घेऊन जा." मी म्हटलं बघू. बघू काय, तो म्हणाला, रजिस्टर ऑफिसला नंबर लावावा लागतो, तारीख सांग. त्याचं बरोबरच आहे. त्याला राहायचंय तिथे. मी मित्रांना सांगितलं तर आर्किटेक्टने लगेच कमान वाचवून तीन खोल्या कशा बसतील याचं स्केच काढून पाठवलं, फुकट, आणि चांगलं आहे ते. चुलतभावाला फॉरवर्ड केलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी: "छान आहे. खर्च वाढेल. येताना आधार, पॅन आणि दोन पासपोर्ट फोटो आण."